दोन घरचा पाहुणा उपाशी राहू नये म्हणून : घरचं शिक्षण आणि अर्धवेळ वर्ग यांची सांगड

आठवड्यातले दोन-तीन दिवस वर्ग आणि उरलेले दिवस घरी, ही मांडणी चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी फार चांगली चालू शकते. मुलाला सोबती मिळतात, गटात वावरायची सवय लागते आणि वाचन-गणितासारख्या गोष्टी शेजारी बसून, त्याच्या गतीने शिकवता येतात. पण ती फसते तेव्हा दोन घरचा पाहुणा उपाशी, अशीच गत होते. वर्गाला वाटतं बेरीज घरी पक्की होत असेल, घराला वाटतं वर्गात होत असेल. किंवा दोन्हीकडे तीच बेरीज दोन वेगळ्या रीतींनी शिकवली जाते आणि मूल मधल्यामधे गोंधळतं. त्यामुळे पुढचं सगळं एका नियमावर उभं आहे : प्रत्येक विषयाला एकच धनी. वाचन घराचं ठरलं, तर वाचनाची रीत, क्रम आणि जबाबदारी घराची. वर्ग फक्त हातभार लावणार.

आधी कागद

घरी शिकवण्याबद्दलचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत मुलाला शाळेत पाठवणं बंधनकारक आहे आणि घरी शिकवायला जवळपास वावच नाही. इंग्लंडमध्ये अर्धवेळ शाळा आणि अर्धवेळ घर हे चालतं, पण मुख्याध्यापकांची संमती लागते आणि ती द्यायचं त्यांच्यावर बंधन नाही. तेव्हा तुम्ही राहता तिथला नियम आधी वाचा आणि मग वर्गाशी बोला. वर्गाकडून चार गोष्टी लेखी घ्या : मूल तिथे विद्यार्थी म्हणून नोंदलेलं असेल की केवळ अर्धवेळ येणारं, घरच्या दिवसांची हजेरी कशी मांडली जाईल, वर्गाच्या चाचण्या त्याला लागू आहेत का, आणि वर्षाच्या मध्ये वार बदलायचे झाले तर किती दिवस आधी कळवायचं. तोंडी होकार देणाऱ्या शिक्षिका बदलून गेल्या की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. कागदाचा हट्ट धरायचा तो यासाठी.

वर्ग कोणत्या प्रकारचा आहे?

वरवर सारखे दिसणारे दोन प्रकार असतात आणि त्यांच्यात फार मोठा फरक आहे. पहिल्यात सगळीच मुलं अर्धवेळ येतात आणि वर्गाची आखणी त्याच दिवसांपुरती असते. दुसऱ्यात वर्ग पूर्णवेळ चालतो आणि तुमचं मूल त्यात काही दिवस जातं. पहिल्या प्रकारात मुलाचं काही सुटत नाही. दुसऱ्या प्रकारात सोमवारी पेरलेल्या बिया शुक्रवारी उगवलेल्या दिसतात, पण मधलं पाणी घालणं आपल्या मुलाच्या वाट्याला आलेलंच नसतं.

दुसऱ्या प्रकाराचा वर्ग घ्यायचा असेल तर आठवड्याचं वेळापत्रक मागून घ्या आणि त्यावर तीन रंगांनी खुणा करा : एका दिवसात सुरू होऊन त्याच दिवशी संपणाऱ्या गोष्टी, अनेक दिवस चालणाऱ्या गोष्टी, आणि फक्त ठरावीक वारी होणाऱ्या गोष्टी. संगीत, व्यायाम, नाट्य, प्रयोग हे बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या रंगात येतात. वार या खुणांवरून निवडा. आपल्या कामाच्या सोयीने आधी वार ठरवून मग त्यात वर्ग बसवला, तर मूल नेमकं अक्षरओळखीच्या तासाला हजर आणि गाण्याच्या तासाला गैरहजर, असं होऊन बसतं.

भेटीला जाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा : ‘मधले दिवस न आलेल्या मुलाला तुम्ही खेळात कसं आणता?’ अनुभवी शिक्षिका लगेच काहीतरी ठोस सांगेल. जोडीदार ठरवून देते, सकाळच्या गोलात कालचं सांगायला लावते, असं. ‘मुलं आपोआप मिसळतात’ एवढंच उत्तर आलं, तर आणखी एक वर्ग पाहून या.

दोन आठवड्यांची टिपणं

काही ठरवण्याआधी दोन आठवडे मुलाचं निरीक्षण करा. रोज तीन ओळी पुरतात : सर्वांत सलग कशात रमलं आणि किती मिनिटं, कशाला नाही म्हणालं, इतर मुलांबरोबर काय केलं. शेवटच्या ओळीसाठी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मांडलेले खेळाचे टप्पे आजही उपयोगी पडतात : एकट्याने खेळणं, दुरून बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, एकमेकांत देवघेव करत खेळणं आणि मिळून एक खेळ रचणं. चार वर्षांचं मूल शेजारी बसून आपापलं खेळत असेल तर काळजीचं कारण नाही, पण त्याला पंचवीस मुलांच्या वर्गापेक्षा आठ-दहा मुलांचा गट मानवेल. मिळून खेळ रचायला लागलेल्या मुलाला मात्र तेच ते चेहरे नियमित भेटायला हवेत, नाहीतर त्याचा खेळ पुढे सरकत नाही.

विषयांची वाटणी

एका मोठ्या माणसाचं पूर्ण लक्ष ज्याला लागतं ते घरी, आणि चार मुलांशिवाय जे होतच नाही ते वर्गात. वाचन शिकताना मूल प्रत्येक शब्दाला अडखळतं आणि तिथल्या तिथे कुणीतरी ऐकून दुरुस्त करायला लागतं. पंचवीस मुलांत ही संधी एकेकाला दोन-तीन मिनिटंच मिळते, घरी पंधरा मिनिटं सहज मिळते. संख्यांची समज, लेखनाची सुरुवात याही गोष्टी म्हणूनच घराच्या. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सगळ्यांना मिळून दिलेली सूचना आपल्यालाही आहे हे कळणं, समूहगान, गटातले मैदानी खेळ, भांडण आणि समेट ही वर्गाची कामं. विज्ञान आणि चित्रकला दोन्हीकडे चालतात, कारण त्यांत रीतीची टक्कर होत नाही.

टक्कर म्हणजे काय, ते वजाबाकीत स्वच्छ दिसतं. ५२ मधून २७ वजा करायचे आहेत. एका रीतीत ५ दशकांतलं एक सुटं करतात : वर ४ दशक आणि १२ एकक राहतात, १२ − ७ = ५, ४ − २ = २, उत्तर २५. दुसऱ्या रीतीत वरच्या एककाला दहा देतात आणि भरपाई म्हणून खालच्या दशकात एक वाढवतात : १२ − ७ = ५, ५ − ३ = २, उत्तर तेच २५. दोन्ही रीती बरोबर आहेत. पण वर्गात एक आणि घरी दुसरी शिकलेलं मूल दोन्ही एकदम करतं. वरचे ५ कमी करून ४ करतं, खालचे २ वाढवून ३ करतं, आणि उत्तर लिहितं १५. त्याला ‘लक्ष दे’ म्हणून काही उपयोग नाही, कारण त्याने लक्ष देऊनच, शिकवलेलं सगळंच्या सगळं केलेलं असतं. हातच्याची वजाबाकी सुरू करण्याआधी वर्गातली रीत विचारून घ्या. गणित घराचं असलं तरी वर्गात तोच भाग येणार असेल तर एकाच रीतीवर या आणि निदान सहा महिने तीच ठेवा. काड्यांच्या जुड्या वापरणार असाल तर पहिली रीत सोपी पडते, कारण जुडी सोडणं डोळ्यांना दिसतं.

अक्षरांचंही तसंच. कुठे अ, आ, इ, ई पासून सुरुवात करतात, कुठे ग, म, भ, न पासून. क्रम वेगळा असला तरी फारसं बिघडत नाही. वळण वेगळं असलं तर बिघडतं, कारण हाताला लागलेलं वळण सोडवायला नवीन शिकवण्याहून जास्त वेळ लागतो. अक्षर कुठून सुरू करायचं, काना कधी द्यायचा, शिरोरेषा प्रत्येक अक्षराला की शब्द पूर्ण झाल्यावर, हे वर्गात जे असेल ते घरी घ्या. इथे धनी कुणीही असो, वळण एकच राहू द्या.

कोणते वार, किती वेळ?

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला दोन पूर्ण दिवसांपेक्षा तीन अर्धे दिवस बरे. आठवड्यातून एकच दिवस असेल तर मूल दर वेळी जवळजवळ नव्याने रुळतं. शिक्षिकेचा आवाज, जागा, मुलांची नावं, सगळं सहा दिवसांत पुसट होतं. तीन दिवस सलग असले की रुळणं लवकर होतं आणि मुलांनी कालचा खेळ आज पुढे नेला तर आपलं मूल त्यात असतं. एकाआड एक दिवस ठेवले तर दमणूक कमी होते आणि घरच्या अभ्यासात मोठी खिंडारं पडत नाहीत. आमचा कौल असा : पहिले दोन-तीन महिने सलग, आणि मूल आनंदाने जाऊ लागलं की हवं तर एकाआड एक. लवकर दमणारं मूल असेल तर मात्र सुरुवातीपासूनच एकाआड एक ठेवा.

झोपेचा हिशेब आधी मांडा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी १० ते १३ तास झोप लागते, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. वर्गासाठी सातला उठायचं असेल तर घरच्या दिवशीही साधारण तेव्हाच उठवा. घरच्या दिवशी नऊपर्यंत झोपू दिलं तर वर्गाच्या आदल्या रात्री झोप लागत नाही आणि सकाळच्या रडारडीचं खापर विनाकारण वर्गावर फुटतं.

घरचा दिवस

घरी शाळा उभी करू नका. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी बसून शिकण्याचा दिवसाचा वेळ ३० ते ४५ मिनिटं, सहा-सातव्या वर्षी ६० ते ९० मिनिटं आणि आठव्या वर्षी फार तर दोन तास. तोही तुकड्यातुकड्यांत. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी सकाळ अशी आखता येईल :

९:०० आज घर की वर्ग, हे आठवड्याच्या तक्त्यावर मुलाने स्वतः खूण करून दाखवायचं
९:०५ वाचन, १५ मिनिटं
९:२० उड्या, चेंडू, धावणं, २० मिनिटं
९:४० गणित, १५ मिनिटं
९:५५ पासून किमान तासभर मोकळा खेळ किंवा हातकाम, मध्ये न बोलावता

शेवटची ओळ पालक सर्वांत आधी कापतात आणि तीच कापू नये. मारिया माँतेस्सोरी यांच्या पद्धतीत सलग, न मोडलेल्या कामाच्या वेळेला इतकं महत्त्व आहे की तिथे तीन तासांचा अखंड काळ ठेवतात. घरच्या दिवसाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. वर्गात घंटा होते, घरी ती नसते. मूल दोऱ्याने काहीतरी बांधत बसलं असेल आणि गणिताची वेळ झाली असेल, तर गणित दहा मिनिटं थांबू शकतं.

तक्ता साधा ठेवा. सात चौकोन, घरच्या दिवसाला पिवळा रंग, वर्गाच्या दिवसाला निळा. लहान मुलाला ‘परवा’ कळत नाही, पण ‘दोन पिवळे चौकोन गेले की निळा’ हे कळतं. सकाळी दारात होणारा निम्मा विरोध केवळ अनपेक्षितपणामुळे असतो आणि तक्ता लावला की तो कमी होतो.

गणितासाठी आइस्क्रीमच्या किंवा तत्सम शंभर सारख्या काड्या आणि दहा रबरबँड पुरतात. मुलाने स्वतः दहा-दहा मोजून जुड्या बांधायच्या. तयार बांधलेल्या जुड्या दिल्या तर त्याच्या लेखी जुडी ही एक वस्तूच राहते, त्यात दहा काड्या आहेत हे हाताला कळत नाही. पुढची पायरी म्हणजे काड्यांचं चित्र आणि त्यानंतरच अंक. वस्तू, चित्र, चिन्ह हा क्रम घाईत ओलांडला की मूल उत्तरं बरोबर देतं, पण २७ मधला २ म्हणजे किती, असं विचारलं की ‘दोन’ म्हणतं.

घरचे दिवस विखुरलेले असले तर उजळणी नीट आखता येते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून विसरण्याचा वेग मोजला. शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत आणि दिवसांत विसरणं सर्वांत जोराचं असतं आणि अंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. म्हणून नवीन अक्षर किंवा नवीन संख्याबंध (७ आणि ३ मिळून १० अशी संख्यांची जोडी) घरच्या दिवशी शिकवा, दुसऱ्या दिवशी तीन मिनिटं पाहा, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. दुसरा दिवस वर्गाचा असला तरी तीन मिनिटं जोडे घालताना किंवा वाटेत निघतात. लांब सुट्टीनंतर पहिल्या दिवशी काहीच नवीन घेऊ नका.

वर्गाचा दिवस

वर्गाच्या दिवशी घरी अभ्यास नाही. हा नियम मोडला की वर्ग आणि घर दोन्ही एकाच वेळी नकोसे होतात. दिवसभर सूचना ऐकून, आवाज सोसून, आपली पाळी येईपर्यंत थांबून मूल आलेलं असतं. घरी येताच ते चिडचिडं, रडवेलं होणं स्वाभाविक आहे. पहिली तीस-चाळीस मिनिटं प्रश्न विचारू नका. खाणं, पाणी, शांत कोपरा किंवा मोकळं अंगण. ‘आज काय शिकलास?’ या प्रश्नाला लहान मुलं बहुतेक वेळा ‘काही नाही’ म्हणतात. रात्री अंथरुणात ‘आज गोलात तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?’ असं विचारलं तर गोष्ट आपोआप सुरू होते. रात्रीचं वीस मिनिटांचं गोष्ट वाचून दाखवणं मात्र घरचा दिवस असो वा वर्गाचा, रोज.

निरोप छोटा आणि रोज सारखा असावा : एक मिठी, ‘जेवणानंतर मी येईन’ अशी मुलाला कळेल अशी वेळ, आणि निघणं. नजर चुकवून निघून जाऊ नका. एकदा असं झालं की मूल पुढचे कित्येक दिवस खेळ सोडून दाराकडे पाहत बसतं. अर्धवेळ मुलाला रुळायला पूर्णवेळ मुलापेक्षा जास्त आठवडे लागतात, कारण त्याचे वर्गाचे दिवसच कमी असतात; चार ते सहा आठवडे धरून चाला.

वही

वर्ग आणि घर यांच्यात एकच छोटी वही जाऊ-येऊ द्या. फोनवरचे लांब निरोप दोन्हीकडे वाचले जात नाहीत. आठवड्यातून एकदा शिक्षिकेने दोन ओळी, पालकांनी दोन ओळी :

वर्गाकडून : या आठवड्यात नवीन काय, मूल कुठे अडलं किंवा कुणाबरोबर रमलं.
घराकडून : घरी सध्या काय चाललंय आणि कोणत्या रीतीने; झोप, आजारपण, घरातले बदल यांतलं सांगण्यासारखं काही.

याहून जास्त मागितलं तर शिक्षिकेवर भार पडतो आणि महिन्याभरात वही कोरी येऊ लागते. त्याशिवाय दर सहा आठवड्यांनी पंधरा मिनिटं समोरासमोर बोलणं. त्या भेटीत वर्गाचं पुढच्या दीड महिन्याचं वेळापत्रकही मागा, कारण सहली, वाढदिवस आणि कार्यक्रम घरच्या दिवशी आले आणि ते नंतर कळलं, तर मुलाला फार लागतं. अशा दिवसाची अदलाबदल करता येते का, ते पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

‘बाई असं करत नाहीत!’ हे वाक्य घरी येणारच. त्याचे दोन अर्थ असतात. हात वर करून बोलणं, रांग, खेळणी आवरायचं गाणं अशा चालीरीतींबद्दल असेल तर ‘तिथे तसं, इथे असं’ एवढं पुरतं. मुलं दोन ठिकाणचे दोन नियम सहज सांभाळतात. बेरजेच्या किंवा अक्षराच्या रीतीबद्दल असेल तर मुलाशी वाद घालू नका, त्याच दिवशी वहीत लिहा. आणि मुलासमोर बाईंना चुकीचं ठरवू नका. ज्या माणसावर आईबाबांचा विश्वास नाही, त्याच्या हाती मूल स्वतःला सोपवत नाही.

नोंदी

घरच्या शिक्षणाला कुणी पुरावा मागो न मागो, नोंद ठेवा. महिन्याला तीन नमुने : एक लेखनाचा, एक गणिताचा, एक मुलाने आपणहून केलेलं काहीही. मागे तारीख आणि ते करताना मूल काय म्हणालं, ते एका ओळीत. दर सहा आठवड्यांनी एक मिनिटाचं वाचन आवाजात रेकॉर्ड करा. रोज ऐकताना प्रगती जाणवत नाही. दोन रेकॉर्डिंग पाठोपाठ ऐकली की लगेच कळते. चाचण्यांचे गुण या वयात फारसं काही सांगत नाहीत.

बिघडू लागलं तर

मूल घरी पुढे गेलं आणि वर्गात कंटाळू लागलं, हे बऱ्याचदा घडतं. घरचा वेग मुद्दाम कमी करू नका. त्या विषयात रुंदी वाढवा : शंभरच्या पुढे पळण्याऐवजी मोजमाप, आकार, कोडी, पुढच्या इयत्तेचं पुस्तक घेण्याऐवजी वेगवेगळ्या प्रकारचं वाचन. शिक्षिकेला सांगून त्या तासात मुलाला मदतनीसाचं काम मिळालं तर आणखी चांगलं, पण रोज नको, त्यालाही मूल म्हणून बसू द्या.

वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत सर्दी-खोकला वारंवार होतो. वर्षाची आखणी करताना दर सहा आठवड्यांमागे एक आठवडा रिकामा धरा. तो आजारपणात जातो, नाहीतर मागे पडलेलं भरून काढण्यात. रिकामा आठवडा न धरणारे पालक फेब्रुवारीपर्यंत दमतात आणि मग मुलाला दामटायला लागतात.

पालकांच्या दमण्याचंही बोलायला हवं. वर्गाच्या दिवशी मिळालेले मोकळे तास सगळेच्या सगळे पुढच्या धड्यांच्या तयारीत घालू नका. आठवड्याची तयारी एका तासात होत नसेल तर ती गरजेपेक्षा जास्त आहे.

वर्गात मित्र होत नसतील तर एकाच मुलाला घरच्या दिवशी दीड तासासाठी बोलवा. तिघं नकोत, एकच. तिघांत एक बहुधा बाजूला पडतो, आणि तो आपल्याच घरात आपलंच मूल असेल तर आणखी वाईट.

पहिला आढावा सहा आठवड्यांनी, दुसरा बारा आठवड्यांनी घ्या. सहाव्या आठवड्यात फक्त लहान गोष्टी बदला : वेळ, वार, निरोपाची पद्धत. बाराव्या आठवड्यात वर्ग सुरू झाल्यापासूनची टिपणं आणि वही समोर ठेवून पाहा. वर्गाच्या आदल्या रात्रीची झोप अजूनही बिघडते का, पूर्वी येत असलेलं काही मूल विसरलं का, एकाही मुलाचं नाव ते आपणहून घेत नाही का? एखादी खूण दिसली तर दिवस कमी करा आणि चार आठवडे पाहा. तिन्ही दिसल्या तर वर्ग बदलण्याचा किंवा वर्षभर थांबण्याचा विचार करा. आणि तक्त्यावर मूल निळे चौकोन स्वतः मोजू लागलं असेल, तर पुढच्या सत्रात आणखी एक निळा चौकोन वाढवायचा का, ते त्यालाही विचारा.